तेलाचा डबा, शेंगदाण्याचा कूट आणि वजनाचा काटा

आमच्याकडं वजन कमी करायला निघालेला माणूस सगळ्यांत आधी भाकरी सोडतो. लातूर असो, परभणी असो की जालना, सुरुवात हीच. रात्रीची भाकरी बंद, भात बंद, नुसती भाजी आणि ताक. चार दिवस उत्साहात जातात. मग एका संध्याकाळी पोटात खड्डा पडतो आणि चिवडा, शेंगदाणे, गुळाचा खडा असं उभ्या उभ्या खाल्लं जातं. ताटातून दोन भाकरी वजा झाल्या तरी डब्यातून गेलेलं त्याहून जास्त भरतं. या वाटेनं स्वतः जाऊन आणि इतरांना सोबत घेऊन आमचं एक मत पक्कं झालंय. मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात वजन वाढतं ते ओतलेल्या आणि भुरभुरलेल्या गोष्टींनी: तेल, कूट आणि चहा. भाकरी मोजता येते म्हणून आळ तिच्यावर येतो. तेल कुणी मोजत नाही.

म्हणून सुरुवात तेलाच्या डब्यापासून करावी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात २,००० कॅलरींच्या दिवसाला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय. चार मोठ्या माणसांचं घर घेतलं तर दिवसाला १०८ ग्रॅम. या हिशेबानं १५ किलोचा डबा साडेचार महिने पुरायला हवा. प्रत्यक्षात तो दोन महिन्यांत संपणारी घरं आम्ही कितीतरी पाहतो. दोन महिन्यांत संपला म्हणजे दिवसाला पाव किलो, माणशी ६२ ग्रॅम. जास्तीचे ३५ ग्रॅम, ग्रॅमला ९ कॅलरी धरल्या तर रोजच्या ३१५ कॅलरी. एका मोठ्या भाकरीएवढी भर ताटात भाकरी न वाढवताच पडत राहते.

मोजायची रीत सोपी आहे. डबा फोडला की त्यावर मार्करनं तारीख लिहायची. डब्यातून स्वयंपाकाला तेल थेट घ्यायचं नाही. एक लिटरची बाटली भरायची आणि बाटली भरल्याची तारीख कॅलेंडरवर टाकायची. एक लिटर तेल वजनाला साधारण ९१० ग्रॅम भरतं. चार माणसांत ती बाटली आठ-साडेआठ दिवस जायला हवी. पहिली बाटली कुणाची चार दिवसांत संपते, कुणाची तीन. पहिल्या बाटलीच्या वेळी काहीही बदलू नये, नेहमीसारखाच स्वयंपाक करावा. खरा आकडा कळल्याशिवाय कमी कशातून करायचं हे ठरवता येत नाही.

इथं हमखास एक प्रश्न येतो: आमचं तेल करडईचं आहे, लाकडी घाण्याचं आहे, त्यानं काय होतंय? करडई हे या भागाचं जुनं तेल आणि चांगलं तेल. पण करडई असो, शेंगदाणा असो, सोयाबीन असो की घरचं साजूक तूप, ग्रॅममागं कॅलरी तेवढ्याच. घाण्याचं आहे म्हणून हात सैल सुटला तर वजन वाढणारच.

तेल एकदम निम्मं केलं की घरातलं कुणीच जेवत नाही. कालवणावर तर्री दिसली नाही तर ते आजाऱ्याचं जेवण वाटतं. म्हणून एका बाटलीला एक दिवस, असं वाढवत जावं. चार दिवसांची बाटली पाच दिवस, मग सहा. महिनाभरात आठवर येतं आणि जिभेला फारसं कळत नाही. हे जमण्यासाठी हातात थोडं तंत्र लागतं. जाड बुडाची कढई घ्यावी. पातळ कढईत तेल कमी पडलं की मसाला लगेच लागतो आणि मग आपण वरून आणखी ओततो. कांदा परतताना चिमूटभर मीठ घालून झाकण ठेवावं, बुडाला धरायला लागला की एक चमचा पाण्याचा शिपका मारावा. काळा मसाला थोड्या तेलात कोरडा टाकला तर करपून कडू होतो, म्हणून तो आधी दोन चमचे पाण्यात कालवून घालावा. वांगी तळून मसाल्यात टाकायची पद्धत सोडून द्यावी. वांगं तेल पितं आणि नंतर सोडत नाही. वांगी आधी झाकणावर पाणी ठेवून वाफवून घ्यावीत आणि मग मसाल्यात घालावीत. तर्री हवीच असेल तर शेवटी एका चमच्या तेलात गॅस बंद करून लाल तिखट कालवावं आणि वरून सोडावं. चार माणसांना तेवढा रंग पुरतो.

दाट रस्स्यासाठी आपल्याकडं येसर आहेच. भाजलेल्या धान्य-डाळींचं, मसाल्यांसह दळलेलं हे पीठ दोन चमचे पाण्यात कालवून लावलं की आमटीला अंग येतं, त्यासाठी ना कूट लागतो ना वाटण. ज्यांच्या घरात येसराचा डबा असतो त्यांचं तेल उतरवणं निम्मं सोपं होतं, हे आम्ही वारंवार पाहिलंय. नव्या सुनांच्या स्वयंपाकघरात तो हळूहळू दिसेनासा होतोय, याचं वाईट वाटतं.

आता कूट. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून जास्त कॅलरी असतात, आणि त्यांतल्या बहुतेक तेलातून येतात. पदार्थ वाईट नाही. त्यात २५ टक्के प्रथिनं आहेत. अडचण अशी की तो आपल्याकडं एका जेवणात चार ठिकाणी असतो. भरल्या वांग्यात कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, तोंडी लावायला शेंगदाण्याची चटणी, त्या चटणीवर पुन्हा कच्चं तेल. सगळं मिळून ५०-६० ग्रॅम सहज होतात आणि त्याच्या तीनशे कॅलरी. नियम एकच ठेवायचा: जेवणात कूट एकाच पदार्थात. वांग्यात असेल तर चटणी नाही, चटणी असेल तर कोशिंबीर दह्याची. चटणी कांडली असेल तर तिचं स्वतःचं तेल सुटलेलं असतं, वरून तेल घ्यायची गरज नसते. कोरडी वाटली तर दही कालवावं. जवसाची आणि कारळाची चटणीही याच हिशेबात मोजायची.

भाकरीबद्दल खरं काय ते सांगायला हवं, कारण इथं दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. ज्वारीचं पीठ आणि गव्हाचं न चाळलेलं, कोंड्यासह असलेलं पीठ यांच्या कॅलरीत फारसा फरक नाही. दोन्हींत १०० ग्रॅमला सव्वातीनशेच्या आसपास, प्रथिनं दहा-साडेदहा ग्रॅम, तंतूही जवळपास सारखे. ज्वारीत वजन उतरवणारी वेगळी जादू नाही. मग फायदा कुठं? भाकरी गरम पाण्यात मळली जाते, तिला ना घडीत तेल लागतं ना तव्यावर. घडीच्या पोळीला आत-बाहेर मिळून एक चमचा तेल सहज जातं. शिवाय भाकरी चावून खावी लागते, जेवण लांबतं आणि पोट भरल्याचं वेळेत कळतं. गव्हाची पोळी कोरडी भाजून खाणाऱ्यानं भाकरीवर येण्याची सक्ती करून घेऊ नये. भाकरी खाणाऱ्यानं मात्र ती सोडू नये. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी मिळाली तर जरूर घ्यावी. तिच्यात लोह आणि जस्त जास्त असावं म्हणूनच ती तयार केलेली आहे, आणि आपल्याकडच्या बायकांना त्या दोन्हींची गरज आहे.

भाकरी सोडायची नाही, तिचा गोळा मोजायचा. सवयीच्या हातानं थापलेल्या मोठ्या भाकरीला ९० ते १०० ग्रॅम पीठ जातं. ती ६५ ग्रॅमवर आणावी. यासाठी स्वयंपाकघरातला पाच किलोपर्यंतचा डिजिटल काटा घ्यावा, रोज नाही, फक्त पहिल्या आठवड्यात वापरायला. ६५ ग्रॅम पीठ मोजून ज्या वाटीत बसेल ती वाटी पिठाच्या डब्यात कायमची टाकून द्यायची. एका वाटीची एक भाकरी. यात बिघडतं ते असं की महिनाभरात वाटी शिगोशीग भरली जायला लागते. पिठाची शीग उलथन्यानं सपाट करायची सवय लावावी. पीठ भरडसर असेल तर छोटी भाकरी थापताना कडेला चिरते. पाणी उकळतं घेऊन उकड काढली की चिरत नाही.

भाकरी लहान केली की ताटात जागा होते, आणि ती जागा कशानं भरायची यावर पुढचे तीन महिने ठरतात. नुसत्या काकडी-टोमॅटोनं भरली तर दोन तासांत भूक लागते. तिथं प्रथिनं लागतात. वजन उतरवताना किलोमागं रोज एक ग्रॅम तरी प्रथिनं पोटात जायला हवीत. ७० किलोच्या माणसाला ७० ग्रॅम. आपलं पातळ वरण इथं फसवतं. वाटीभर पातळ वरणात डाळ जेमतेम १५-२० ग्रॅम असते, म्हणजे प्रथिनं चार ग्रॅम. लातूरच्या बाजारात देशभराची तूर येते आणि आपल्या ताटात मात्र डाळीचं पाणी, हे बदलायला हवं. माणशी ४० ग्रॅम कोरडी डाळ मोजून शिजवावी, म्हणजे ९ ग्रॅम मिळतात.

साध्या घरातला दिवस आम्ही असा बांधतो. ६५ ग्रॅमच्या तीन भाकरी दिवसभरात, त्यांतून १९ ग्रॅम प्रथिनं. डाळीचे ९. मोड आलेली मटकी, हरभरा किंवा हुलगा कोरडा ४० ग्रॅम, त्याचे ९. सोयावडी कोरडी २५ ग्रॅम, त्याचे १३. घट्ट दही २०० ग्रॅम किंवा त्याचं ताक, त्याचे ७. संध्याकाळी फुटाणे ३० ग्रॅम, त्याचे ६. उरलेले दूध आणि माळव्यातून, म्हणजे भाजीपाल्यातून. तेल २७ ग्रॅम, माळवं ४०० ग्रॅम, एक फळ, दोन कप चहा. हे सगळं मिळून १,८०० कॅलरींच्या आसपास जातं आणि बैठं काम करणाऱ्या ७० किलोच्या पुरुषाचं वजन त्यावर हळूहळू उतरतं. बाईमाणसानं एक भाकरी आणि एक मोठा चमचा तेल कमी केलं की साडेचौदाशे-पंधराशेच्या आसपास येतं. अंडी चालत असतील तर सोयावडीऐवजी दोन उकडलेली अंडी घ्यावीत, १२ ग्रॅम मिळतात. मटण-चिकनला ना नाही. रस्सा थोडा वेळ ठेवला की तर्री वर येते, ती पळीनं काढून घ्यावी आणि खालचं वाढावं.

सोयावडीचा वास आवडत नाही म्हणून घरोघरी ती पडून असते. गरम पाण्यात मीठ घालून १५ मिनिटं भिजवायची, घट्ट पिळायची, पुन्हा साध्या पाण्यात बुडवून पिळायची. वास जातो. मग बारीक चिरून मेथीच्या किंवा पालकाच्या भाजीत टाकली की वेगळी ओळखूही येत नाही. उसळी आणि सोया अचानक वाढवले की पोट गुबारतं, त्यामुळं पहिल्या आठवड्यात निम्म्यानं सुरू करावं आणि मटकी-हुलग्याला मोड आणूनच शिजवावं.

चहा हा वेगळाच विषय आहे. घरचा १०० मिलीचा कप, निम्मं म्हशीचं दूध आणि दोन चमचे साखर, म्हणजे नव्वद कॅलरी. दुकानात, कचेरीत, शेताच्या बांधावर, कुणी आलं म्हणून, कुणाकडं गेलो म्हणून, दिवसाचे पाच होतात. साडेचारशे कॅलरी झाल्या आणि पोट मात्र रिकामंच. गुळाचा चहा केला तरी आकडा हलत नाही, गूळ आणि साखर यांच्या कॅलरी जवळपास सारख्याच. हॉटेलचा चहा पातेल्यातच गोड करून ठेवलेला असतो, तिथं कमी साखरेचा मिळत नाही; म्हणून बाहेरचा एकच ठरवून घ्यावा आणि बाकी ठिकाणी ‘आत्ताच झाला’ म्हणावं. घरच्या चहातली साखर दर दहा दिवसांनी अर्धा चमचा कमी करावी. एकदम बंद केली तर चवीच्या रागानं तिसऱ्या दिवशी अडीच चमचे पडतात. आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये, त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. एक तासाचं अंतर ठेवावं.

बाजारपेठेच्या गावात दुकान बंद करून जेवायला दहा वाजतात. उशिरा जेवल्यानं चरबी वाढते असं लोक मानतात. मोठं कारण मात्र पाच ते दहाच्या मधलं आहे: मिरचीभजे, भेळ, फरसाण, खारी, टोस्ट. म्हणून पाच-साडेपाचला फुटाणे आणि ताक, नाहीतर एक पेरू, हे ठरलेलंच असावं. खिशात फुटाण्यांची पुडी असेल तर गाड्यापुढं पाय थांबत नाहीत.

सकाळच्या सुशीलाबद्दल, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांच्या फोडणीच्या नाश्त्याबद्दल, बायका विचारतात. मुरमुरे वजनाला हलके असतात, त्यामुळं ताटलीभर सुशीलात कोरडा जिन्नस ४० ग्रॅमच असतो. तेल माणशी एक छोटा चमचा ठेवलं, शेंगदाणे निम्मे केले आणि डाळव्याचं पीठ दोन मोठे चमचे घातलं तर पोह्यांपेक्षा तो चांगला नाश्ता आहे. धपाट्यांना तव्यावर दोन्ही बाजूंनी तेल सोडण्याऐवजी थापतानाच पिठात दही घालावं, मऊ राहतात.

उपवासांनी वजन उतरतं हा समज सगळ्यांत महाग पडतो. साबुदाण्याच्या खिचडीचं गणित मांडून बघा: साबुदाणा ८० ग्रॅम, कूट ३० ग्रॅम, तूप १५ ग्रॅम, एक छोटा बटाटा. साडेसहाशे कॅलरींच्या घरात जातं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिनं नावालाही नाहीत. सोमवार, चतुर्थी, एकादशी धरून महिन्यात सात-आठ दिवस दोन्ही वेळा हे झालं की उरलेल्या दिवसांची मेहनत जाते. उपवास सोडा असं आम्ही कधीच म्हणत नाही, तो श्रद्धेचा भाग आहे. पण भगर ५० ग्रॅम, २० ग्रॅम शेंगदाण्यांची पातळ आमटी आणि वाटीभर दही हे चारशेच्या आत बसतं. राजगिऱ्याच्या लाह्या दुधात घेतल्या तर थोडी प्रथिनंही मिळतात. नवरात्रात नऊ दिवस उपवास करणाऱ्यांनी हे आधीच भरून ठेवावं, कारण चौथ्या-पाचव्या दिवशी थकवा येतो आणि मग हात साबुदाण्याच्या वड्याकडंच जातो.

लिंबू-मधाचं गरम पाणी पोटाला बरं वाटत असेल तर प्यावं. चरबी त्यानं वितळत नाही, आणि मोठा चमचा मधाच्या साठ कॅलरी होतात. मोसंबी खावी, रस काढू नये, कारण पेल्याला तीन-चार मोसंबी लागतात आणि चोथा जातो. उन्हाळ्यात उसाच्या रसाच्या एका मोठ्या पेल्यात ३०-४० ग्रॅम साखर असते. तहानेला मीठ-जिऱ्याचं पातळ ताक.

आता काटा. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो कमी झालेले दिसतात आणि माणूस हरखतो. ती चरबी नसते. शरीर स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा ठेवतं आणि त्या साठ्यासोबत तिप्पट पाणी धरून ठेवतं. खाणं कमी झालं की साठा आणि पाणी दोन्ही उतरतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काटा हलत नाही तेव्हा निम्मे लोक सोडून देतात, नेमके त्या टप्प्यावर जिथं खरी चरबी उतरायला लागलेली असते. एक किलो चरबीमागं साधारण ७,७०० कॅलरी असतात. रोज ४०० ची तूट पडली तर १९ दिवस लागतात. महिन्याला दीड-दोन किलो, हा चांगला वेग. याहून वेगानं उतरवलं तर स्नायू जातात, केस गळतात, पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

वजन सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी करावं. काटा फरशीवर ठेवावा, सतरंजीवर ठेवला की आकडा चुकतो. आठवड्यातून तीनदा करून त्याची सरासरी काढावी. लग्नाच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी एक-दीड किलो वाढलेलं दिसतं, ते मिठानं धरलेलं पाणी. तीन दिवसांत उतरतं. बायकांमध्ये पाळीच्या आधी असंच होतं, म्हणून त्यांनी मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसांशी तुलना करावी. काट्यापेक्षा टेप जास्त खरं सांगते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता माप घ्यावं. आपल्या लोकांत पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आणि बाईची ८० च्या आत असावी. वजन थांबलेलं असताना कंबर एक सेंटीमीटर उतरलेली अनेकदा आढळते.

चालण्याबद्दल आधी एक आकडा नीट कळायला हवा. ७० किलोचा माणूस एक किलोमीटर चालला की पन्नास-पंचावन्न कॅलरी खर्च होतात. चार किलोमीटरच्या दोनशे. मैदानाबाहेरच्या टपरीवर पोहे आणि चहा घेतला की दुपटीनं परत येतात. नुसत्या चालण्यानं वजन क्वचितच उतरतं, पण उतरलेलं वजन टिकवतं चालणंच, आणि साखर, रक्तदाब, झोप सगळ्याला त्याचा फायदा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. सुरुवात २० मिनिटांनी, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढ. पहिल्याच दिवशी छत्रपती संभाजीनगरची गोगाबाबा टेकडी चढणाऱ्यांचे गुडघे उतरताना दुखावतात. आधी महिनाभर सपाटीवर चालावं. परभणीकरांना विद्यापीठाच्या आवारातले झाडीचे रस्ते आहेत, कालव्याकाठच्या गावांना कालव्याचा रस्ता. चपलेवर चालू नका, टाच धरते. रोज रात्री जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं शतपावली करावी, जेवणानंतर चढणारी साखर त्यानं कमी चढते.

एप्रिल-मे मध्ये इथं पारा ४२-४३ च्या पुढं जातो. तेव्हा पहाटे साडेपाच ते सात हीच वेळ. संध्याकाळी आठपर्यंत डांबर तापलेलं असतं. घामानं काट्यावर किलोभर कमी दिसतो तो पाणी प्यायल्यावर परत येतो. पोटाला बांधायच्या घामाच्या पट्ट्यांवर पैसे घालवू नका. आणि ऊसतोडीच्या हंगामात, नोव्हेंबर ते मार्च, पहाटे मुख्य रस्त्यावर चालू नका. मागं दिवा नसलेल्या ट्रॉल्या अंधारात दिसत नाहीत. जावंच लागलं तर समोरून येणारं वाहन दिसेल अशा उजव्या बाजूनं, पांढऱ्या कपड्यांत. ज्या बायांना बाहेर पडता येत नाही त्यांनी गच्चीवर दहा-दहा मिनिटं तीनदा चालावं, हिशेब तोच.

चालण्याइतकंच, आमच्या मते त्याहून थोडं जास्त, ताकदीच्या व्यायामाला महत्त्व आहे, आणि तोच कुणी करत नाही. कमी खाताना शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडतं. स्नायूंना काम दिलं तरच ते राहतात. आठवड्यातून दोन दिवस, वीस मिनिटं. खुर्चीवर बसून हात न लावता उठायचं, दहा वेळा. भिंतीला हात टेकून जोर, दहा वेळा. पाच लिटरची पाण्याची कॅन कमरेतून वाकून, पाठ सरळ ठेवून कोपर मागं नेत ओढायची, प्रत्येक हातानं दहा वेळा. जमिनीवर पाठीवर झोपून कंबर उचलायची, दहा वेळा. हे सगळं तीन फेऱ्या. बारा-पंधरा सहज जमायला लागलं की भिंतीऐवजी ओट्यावर हात टेकून जोर, आणि कॅनऐवजी जड काहीतरी. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवावी, पूर्ण उठाबशा काढू नयेत.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात वजन अडतं. सगळ्यांचं अडतं. पाच-सहा किलोंनी हलक्या झालेल्या शरीराला कमी इंधन लागतं हे एक कारण. दुसरं आणि मोठं कारण म्हणजे हात पुन्हा सैल झालेला असतो. खाणं आणखी कापण्याआधी बाटलीच्या तारखा बघाव्यात, पिठाची वाटी आणि कोरडी डाळ पुन्हा काट्यावर ठेवावी, दिवसाचे चहा मोजावेत. बहुतेकदा तिथंच सापडतं. सगळं जागेवर असेल आणि तीन आठवडे कंबरही उतरली नसेल तरच अर्धी भाकरी कमी करावी किंवा दोन किलोमीटर चालणं वाढवावं. बायकांनी १,२०० आणि पुरुषांनी १,५०० कॅलरींच्या खाली डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. झोप पाच तासांवर आलेली असेल तर आधी ती सुधारावी, अपुऱ्या झोपेनं भूक वाढते.

काही जणांनी यातलं काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटायलाच हवं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना खाणं कमी केलं तर साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. डोस आधी बदलून घ्यावा लागतो. थायरॉइडमुळं वजन वाढतं, पण ते सहसा दोन ते पाच किलो आणि त्यात पाणी बरंच. त्याची गोळी सकाळी उपाशीपोटी घेऊन अर्धा ते एक तास चहा टाळला नाही तर ती नीट लागू होत नाही. गुडघेदुखीवर मिळणाऱ्या, वर काहीच छापलेलं नसलेल्या पुड्यांपासून लांब राहा. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं आढळलेलं आहे, आणि त्यानं दुखणं थांबतं पण चेहरा आणि पोट सुजल्यासारखं वाढतं. खूप दिवस घेतल्या असतील तर त्या एकदम बंदही करू नयेत, डॉक्टरांना दाखवून उतरवाव्यात. जेवणाऐवजी पावडर पिऊन वजन उतरतं, कारण एक जेवण कमी होतं. पावडर थांबली आणि ताट तेच राहिलं की वजन परत येतं.

सणांना घाबरू नये. येळवशीची (वेळा अमावास्येची) भज्जी आणि आंबील, डिसेंबर-जानेवारीतला हुरडा, यांत हिरव्या दाण्यांचे तंतू भरपूर. हुरड्यासोबतची चटणी, गूळ आणि रेवड्या तेवढ्या मोजून घ्याव्यात. आमरसाच्या दिवशी रसात साखर घालू नये, केसर आंबा तसाही गोड, आणि पोळ्या दोनच. पंगतीत आधी वरण आणि भाजी संपवावी, मग पुरी. वर्षातले असे पंधरा-वीस दिवस वजन वाढवत नाहीत. त्यानंतर आठवडाभर फ्रीजमध्ये उरलेले लाडू वाढवतात, म्हणून पाहुण्यांच्या हातीच ते देऊन टाकावेत.

ठरवलेल्या वजनावर पोहोचल्यावर जुन्या ताटाकडं एकदम परतू नये. दर आठवड्याला साधारण शंभर कॅलरी वाढवाव्यात, म्हणजे एकदा तीस ग्रॅम पिठाची भाकरी, एकदा वाटीभर दही, आणि दोन आठवडे वजन स्थिर दिसलं की तिथं थांबावं. चालणं आणि ताकदीचा व्यायाम तेवढाच ठेवावा. वजन पंधरवड्यातून एकदा पाहावं. ठरलेल्या आकड्याच्या दोन किलो वर गेलं तर पुन्हा सगळं मोजून खावं; दोन किलो महिना-सव्वा महिन्यात आवरतात, आठ किलोंना पुन्हा पाच महिने लागतात.